बहरीनच्या धक्क्यावर दादाचं वाफेचं इंजिन

"बहरीनला जातेय" म्हटलं की मिरजेत पुढचा प्रश्न ठरलेला, "दुबई का नाही?" मी प्रत्येकाला वेगळं उत्तर दिलं. दंतवैद्यांना सांगितलं, भाऊ असतो तिथे. शेजारच्या काकूंना सांगितलं, गर्दी कमी असते. खरं कारण सांगितलं असतं तर लोकांनी माझ्याकडे काळजीने पाहिलं असतं. मी आगगाडीवर बिनपगारी काम करायला चालले होते, आणि तेही ज्या देशात रेल्वेच नाही तिथे.

माझा थोरला भाऊ, ज्याला मी दादा म्हणते, तो अर्धं आयुष्य बहरीनमध्ये आहे. मीना सलमान बंदराजवळच्या एका जहाजदुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये तो मेकॅनिकल इंजिनिअर आहे. आठवडाभर जहाजांची यंत्रं दुरुस्त करायची आणि शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, धक्क्यावरच्या एका खासगी संग्रहालयात जाऊन वाफेच्या इंजिनाशी झटापट करायची, हा त्याचा शिरस्ता. संग्रहालय अबू राशिद नावाच्या एका बहरीनी गृहस्थांचं. त्यांच्या घराण्याचा पूर्वी मोत्यांचा व्यापार होता. जुन्या गोदामात त्यांनी लाकडी गलबतं, मोती तोलायचे काटे, पाणबुडे नाकाला लावायचे ते चिमटे असं बरंच जमवलंय. भारतातल्या एका बंद पडलेल्या साखर कारखान्याचं, ऊस ओढणारं छोटं इंजिनही त्यांनी लिलावात घेऊन कंटेनरमधून आणलं आणि धक्क्याच्या कडेने अर्धाएक किलोमीटर रूळ टाकले. संग्रहालयाचं नाव मी इथे देत नाही, मालकांना प्रसिद्धीचं वावडं आहे.

पावसाळा सरता सरता दादाचा फोन आला. डिसेंबरमध्ये तो रिटायर होणार होता. नोकरी संपली की व्हिसा संपला, व्हिसा संपला की बाडबिस्तरा उचलून परत यायचं, तिथला नियमच तो. त्याआधी, दसऱ्याच्या दिवशी, बॉयलरची तपासणी करायला इन्स्पेक्टर येणार होता. तो पास म्हणाला तर गाडीत माणसं बसवता येतील. नापास झालं तर अबू राशिद आणखी पैसे घालणार नव्हते. इंजिन चौथऱ्यावर चढवायचं आणि भोवती कॅफेची टेबलं मांडायची, असं त्यांचं ठरलं होतं. "म्हणजे लोक त्याच्या बफरवर कॉफीचे कप ठेवणार," दादा म्हणाला. दादाचा आवाज मी साठ वर्षांच्या माणसाचा म्हणून कधी ऐकला नव्हता. त्या दिवशी ऐकला. मी नुकतीच शाळेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली होती, हातात वेळ होता. मी म्हटलं, येते.

व्हिसा ऑनलाइन मिळतो, त्रास नाही. फक्त पासपोर्टचा फोटो सरळ काढा, माझा दोनदा परत आला. मिरजेहून मुंबईपर्यंत बसने कंबर मोडून घेतली, त्यापुढचं विमान मात्र सुखाचं. चिवडा खाऊन, एक डुलकी काढून डोळे उघडावेत तो खाली निळंहिरवं पाणी आणि त्यात भाजलेल्या पापडाच्या रंगाचं बेट. विमानतळावरून शहरात यायला लाल बसेस आहेत, स्वस्त आणि गारेगार, पण त्यांचे थांबे उन्हात असतात. मला घ्यायला दादा आणि वहिनी आले होते. वहिनींनी मला मिठी मारली. दादाने "प्रवास कसा झाला" विचारायच्या आधी विचारलं, "सुती कपडे आणलेस ना?"

दादा राहतो राजधानी मनामाच्या अदलिया भागात. बुटके बंगले, मधूनमधून कॅफे, चालणारं माणूस औषधालाही नाही. दोन चौक पलीकडे जायचं तरी लोक गाडी काढतात. पहिल्या दिवशी मी हट्टाने चालत दूध आणायला गेले. परत आले ती भिजलेल्या टॉवेलसारखी होऊन. ऑक्टोबरमध्ये हवा बरी असते, असं सांगणाऱ्या प्रत्येक वेबसाइटचा मी इथे जाहीर निषेध करते. बरी असते ती नोव्हेंबरच्या मध्यानंतर.

शुक्रवारी सकाळी मला कामावर रुजू करून घेण्यात आलं. बंद बूट, सुती सलवार-कमीज, ओढणी घरी. ही अट महेशची. महेश चिपळूणचा, एरवी एका कंपनीची पिकअप चालवतो आणि शुक्रवारी भट्टीत कोळसा घालतो. मला पाहून तो म्हणाला, "ताई, पहिल्या दिवशी पितळ घासायचं. सगळ्यांनी घासलंय. साहेबांनी पण." साहेब म्हणजे दादा. मी पितळ घासलं. घरी वर्षातून एकदा समया घासताना मी कुरकुरते, आणि इथे तिकीट काढून येऊन घासत होते.

पण मग भट्टी पेटवली. आधी बंदरावरच्या मोडक्या पॅलेटची लाकडं, मग कोळसा. वाफ धरायला दोन-तीन तास लागतात आणि त्या वेळात करण्यासारखं काही नसतं, फक्त थांबायचं. आम्ही गोदामाच्या सावलीत बसून करक प्यायलो. करक म्हणजे वेलची घातलेला, उकळून उकळून दाट केलेला चहा. शंभर-दीडशे फिल्सना, म्हणजे तिथल्या चिल्लरीत, मिळतो आणि सोबत खुबूसमध्ये, म्हणजे तिथल्या रोटीत, गुंडाळलेलं चीज घेतलं की सकाळची पोटपूजा उरकते. वाफेच्या दाबाचा काटा चढत गेला तसं ते काळं धूड हळूहळू कण्हायला लागलं. दादाने शिट्टीची साखळी ओढली आणि धक्क्यावरचे सगळे पक्षी उडाले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. धुराने आलं असं मी सांगितलं.

दादाने मला इंजिन समजावलं ते असं. बॉयलर म्हणजे मोठा कुकर. आत पाणी किती आहे ते एका उभ्या काचेच्या नळीत दिसतं. त्या नळीवर नजर ठेवायची, बाकी जग बुडालं तरी चालेल. पाणी भट्टीच्या माथ्याखाली गेलं तर पत्रा तापून फाटू शकतो. तसं होऊ नये म्हणून तिथे शिशाचा एक प्लग असतो. तो आधी वितळतो आणि वाफ भट्टीत सोडून आग मारतो. प्लग वितळला तर माणसं वाचतात, पण तपासणी तिथेच संपते. बाजूच्या टाकीतलं पाणी बॉयलरमध्ये ढकलायला इंजेक्टर असतात. आमच्या इंजिनाला दोन होते, आणि दोघांनाही गरम पाणी चालत नाही. बहरीनच्या उन्हात टाकीतलं पाणी तापतं, इंजेक्टर नुसता थुंकतो. म्हणून ही मंडळी उन्हाळ्यात मासळीबाजारातून बर्फ आणून टाकीत सोडतात. टाकीच्या झाकणावर दादाने स्वतःच्या हाताने इंग्रजी, हिंदी आणि अरबीत रंगवलं होतं, "पाण्याशिवाय काहीही टाकू नये." अरबी अबू राशिदकडून लिहून घेतलं होतं, पण रंगवलं त्यानेच.

दुपारनंतर मला बढती मिळाली. संग्रहालयाची पायवाट जिथे रूळ ओलांडते तिथे हिरवं आणि लाल निशाण घेऊन उभं राहायचं. उगाच सांगत नाही, मुख्याध्यापिका असताना मला एवढं महत्त्व वाटलं नव्हतं.

मधल्या दिवसांत फिरणं झालं. पश्चिम किनाऱ्यावर झल्लाकला गेलो. तिकडे रिसॉर्ट्स आहेत, दिवसाचा पास घेतला तर समुद्र, सावली आणि आंघोळीची सोय होते. पास स्वस्त नसतो, पण सूर्यास्तापर्यंत पैसे वसूल होतात. पाणी इतकं उथळ की चालत चालत बरंच आत गेलं तरी गुडघेच भिजतात. वहिनी आणि मी पाण्यात बसून गप्पा मारल्या. दादा खुर्चीत बसून फोनवर महेशला व्हॉल्व्हच्या पॅकिंगबद्दल काहीबाही सांगत होता. वहिनी म्हणाल्या की गेल्या महिन्यापासून हे असंच आहे, माणूस जेवताना पोळी मोडतो आणि तशीच हातात धरून बसतो. घर आवरायचं आहे, सामान पाठवायचं आहे, त्याला हात लावत नाहीत. "एवढं एक पास झालं की येतील बघा भानावर," त्या म्हणाल्या.

मनामाच्या जुन्या बाजारात, देवळाजवळच्या गल्लीत, पूजेचं सगळं मिळतं. हळदकुंकू, नारळ, झेंडूची फुलं, आपल्याकडे मिळतात तितकीच ताजी आणि चांगली महाग. ही खरेदी गुरुवारच्या पूजेसाठी होती. गुरुवारी खंडेनवमी, हत्यारांच्या पूजेचा दिवस. दादाच्या चमूत आपली माणसं बरीच, त्यामुळे इंजिनाची खंडेनवमी दरवर्षी होते. अबू राशिद स्वतः पूजेत नसतात, लांब खुर्ची टाकून बसतात आणि शेवटी पेढा मागून घेतात.

यंदा पूजा नेहमीपेक्षा थाटात झाली, दुसऱ्या दिवशी इन्स्पेक्टर जो येणार होता. नटबोल्टचे पाने, हातोडे, कोळशाचं फावडं सगळं पुसून मांडलं. इंजिनाला झेंडूची माळ घातली. नारळ बाहेर दगडावर फोडला. टाकी नुकतीच भरली होती आणि झाकण उघडंच होतं. दादा शिडीवर चढला. त्याने हळदकुंकू वाहिलं, डोळे मिटले आणि चिमूटभर अक्षता व दोन फुलांच्या पाकळ्या टाकीतल्या पाण्यावर सोडल्या. विहिरीला वाहतो तशा. आमच्या लहानपणी घरच्या विहिरीला आई अशाच वाहायची. मग वहिनी चढल्या, मग मी, मग महेश आणि बाकीचे. रांगच लागली. प्रत्येकाने मनापासून मूठभर वाहिलं. झाकणावरची पाटी आमच्या सगळ्यांच्या नाकासमोर होती.

आणि पूजलेल्या हत्याराला त्या दिवशी पुन्हा हात लावायचा नसतो. एरवी तपासणीच्या आदल्या संध्याकाळी दादाने इंजिन पेटवून दोन्ही इंजेक्टर चालवून पाहिले असते. त्या संध्याकाळी त्याने फक्त लांबून नमस्कार केला, गोदामाला कुलूप घातलं आणि आम्ही पुरणपोळ्या खायला घरी गेलो.

दसऱ्याच्या सकाळी इन्स्पेक्टर आले. कुरियन साहेब, केरळचे, विमा कंपन्यांसाठी आखातभर बॉयलर तपासत फिरतात. बारीक अंगाचे, इस्त्रीचा शर्ट, बोलणं मोजकं. त्यांनी हातोडीने बॉयलरवर जागोजागी टकटक केलं, काटे पाहिले, वाफ उडवून पाहिली. सगळं ठीक होतं. मग गाडी चालवून दाखवायची होती. माणसं बसवायची परवानगी नव्हती, म्हणून इंजिनामागच्या दोन्ही डब्यांत वाळूची पोती रचली होती. इंजिनात दादा, महेश आणि कोपऱ्यात कुरियन साहेब. मी माझ्या निशाणांसकट पायवाटेवर. अबू राशिद माझ्याजवळ उभे होते, पांढऱ्या शुभ्र पोशाखात, हातातली जपमाळ भरभर फिरवत.

दोन फेऱ्या छान झाल्या. गाडी माझ्यासमोरून गेली तेव्हा दादाने माझ्याकडे पाहिलंही नाही, इतका तो त्या काचेच्या नळीकडे बघत होता. तिसऱ्या फेरीला गाडी लांबच्या टोकाहून निघाली आणि अर्ध्या वाटेत मंदावली. इंजेक्टरची जी बारीक शिट्टीसारखी आवाजाची धार येते, ती येईना. नुसतं फसफस, फसफस. महेशने दुसरा इंजेक्टर उघडला. तोही तसाच. गाडी थांबली. कुणीतरी गोदामाकडे बर्फासाठी पळालं. पाणी तापलं असेल असंच सगळ्यांना वाटलं. बर्फाची लादी टाकीत गेली. काही फरक नाही.

अबू राशिद हात हलवून ओरडले, "यल्ला, यल्ला, ले आओ!" गोदामापुढचा फलाट, म्हणजे आमचं स्टेशन, अगदी समोर दिसत होतं. काचेत अजून पाणी होतं, असं महेशने मला नंतर सांगितलं. थोडंच, पण होतं. गाडी तेवढ्यात स्टेशनला लागली असती. फेरी पुरी झाली असती. इन्स्पेक्टरसमोर लाज राहिली असती. आणि नसती पोचली तर प्लग गेला असता.

मी निशाण टाकून रुळाकडेने चालत निघाले होते, म्हणून मला पुढचं दिसलं. दादाने कुरियन साहेबांकडे पाहिलं. ते हाताची घडी घालून उभे राहिले. दादाने एकदा काचेकडे पाहिलं, एकदा स्टेशनकडे.

"महेश, आग काढ," तो म्हणाला.

"साहेब, पोचू आपण."

"काढ."

मग दोघांनी लांब आकड्यांनी भट्टीतले निखारे ओढून खाली रुळांमध्ये पाडले. धूर, ठिणग्या, पाण्याच्या बादल्या, राखेचा लोट. माझ्या मनगटावर एक ठिणगी पडली ती मला संध्याकाळी कळली. इंजिन थंड पडत गेलं आणि दादा पायरीवर बसला. त्याचं तोंड राखेने पांढरं झालं होतं. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. मी त्याच्या शेजारी बसले आणि त्याला पाण्याची बाटली दिली.

दुपारी टाकी रिकामी करून इंजेक्टरला जाणाऱ्या पाइपांच्या जाळ्या काढल्या. पहिली जाळी बाहेर आली तसा महेश खाली बसला. जाळीत तांदूळ होते. रात्रभर भिजून टम्म फुगलेले, हळदीने पिवळे. त्यांच्यामध्ये झेंडूच्या पाकळ्यांचा लगदा, वरून बर्फाच्या लादीला चिकटून आलेला भुसा. दुसरी जाळीही तशीच. आम्ही सगळे गोल करून उभे होतो आणि कुणी कुणाकडे बघत नव्हतं. वहिनी हळूच म्हणाल्या, "अगं बाई."

कुरियन साहेब गोदामाच्या दारात बसून फोनवर बोलत होते. महेशने दादाला कोपऱ्यात घेऊन सुचवलं की जुनं पॅकिंग तुटून अडकलं म्हणू, जाळ्या धुऊन टाकू, त्यांना काय कळतंय. मला, खरं सांगते, ते पटलं होतं. दादाने जाळी उचलली आणि सरळ कुरियन साहेबांपुढे नेऊन धरली. मी मागे मागे गेले.

"साब, ये पूजा का चावल है," तो म्हणाला. "कल टंकी में सबसे पहले मैंने डाला."

कुरियन साहेबांनी तांदळाचा एक दाणा बोटांत घेऊन दाबला. मग टाकीच्या झाकणाकडे पाहिलं. मग पाटी किसने लिखा, असं विचारलं. दादा म्हणाला, मीच. कुरियन साहेब हसले नाहीत, पण त्यांचे ओठ आत ओढले गेले आणि बराच वेळ तसेच राहिले. आमच्या गावात पंपाला माळ घालतात, टाकीत नाही, एवढं ते म्हणाले. मग त्यांनी पुढचं सांगितलं, आणि ते मी तिथल्या तिथे पाठ करून ठेवलं.

"इंजिन कल फिर देखूँगा. आदमी आज देख लिया. जो आग गिरा सकता है, उसको मैं दूसरा चान्स देता है."

त्यांचं परतीचं विमान शनिवारी संध्याकाळचं होतं. तेवढ्यात शिशाचा प्लग शाबूत निघाला तर पुन्हा वाफ धरायची. पण एक अट घातली. दादा डिसेंबरला जाणार, हे त्यांना अबू राशिदकडून कळलं होतं. तो गेल्यावर गाडी कोण चालवणार? महेश. तर उद्या त्यानेच चालवायची, दादाने इंजिनात पाय ठेवायचा नाही. दादाने मान हलवली. महेशचा चेहरा मात्र एकदम उतरला.

शनिवारी सकाळी, बॉयलर गार झाल्यावर, कुरियन साहेब बॅटरी घेऊन भट्टीच्या दारातून कमरेपर्यंत आत शिरले. बाहेर त्यांचे फक्त बूट. आम्ही सगळे त्या बुटांकडे बघत उभे. आतून आवाज आला, "प्लग ओके." वहिनींनी माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडी रुतली. अबू राशिद मोठ्याने अलहम्दुलिल्लाह म्हणाले आणि मग त्यांनी आम्हा सगळ्यांसाठी करक मागवला. टाकी धुतली, दोनदा धुतली, झाकणाखाली बारीक जाळी बसवली. आग पेटली.

आता गंमत बघा. महेश चालवणार, अबू राशिद स्वतः पोशाखावर चामड्याचा ॲप्रन बांधून कोळसा घालणार, मी निशाण दाखवणार. दादाला काही कामच नव्हतं. तो इंजिनाभोवती एक फेरी मारून आला, नटबोल्ट चाचपले, रुमालाने उगाच एक दांडा पुसला. शेवटी कुरियन साहेबांनी त्याला डब्याकडे बोट दाखवलं. पोत्याऐवजी बसा, म्हणाले, तुमची सही घेतो जबाबदारीची. एक पोतं काढून दादा त्या जागी बसला.

गाडी निघाली. मी हिरवं निशाण धरलं. महेशचे खांदे कानाला लागले होते, अबू राशिदांच्या पांढऱ्या बाह्या काळ्या झाल्या होत्या, आणि इंजेक्टरची ती बारीक धार स्वच्छ ऐकू येत होती. मागच्या डब्यात वाळूच्या पोत्यांमध्ये दादा मांडीवर हात ठेवून बसला होता. त्या इंजिनाला त्याने गाडी ओढायला लावली होती, पण त्या गाडीत तो कधी बसलाच नव्हता. पहिल्या फेरीत तो कान देऊन ऐकत होता. दुसऱ्या फेरीत खाली वाकून चाकं बघत होता. तिसऱ्या फेरीत तो समुद्राकडे बघत होता, आणि माझ्यासमोरून जाताना त्याने मला हात केला.

पास. ताशी वेगाची मर्यादा, टाकीला जाळी, बाकी सगळं मंजूर. महेश रडला. कुरियन साहेबांनी पेढा घेतला, दोन घेतले, आणि टॅक्सीत बसले. पोती उतरवून आम्ही सगळे डब्यांत चढलो आणि अंधार पडेपर्यंत नुसते जात-येत राहिलो. इतकं हलकं मला निवृत्तीच्या दिवशीही वाटलं नव्हतं. त्या रात्री दादाने मोजून नव्हे, पोट भरून पोळ्या खाल्ल्या आणि सोफ्यावरच झोपला.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: कामाला कुणालाही घेतात, विद्या लागत नाही, सहनशक्ती लागते. सुती कपडे, बंद बूट, टोपी. शुक्रवारी सकाळी लवकर पोचायचं, नमाजाच्या वेळेला काम थांबतं तेव्हा जेवून घ्यायचं. शाकाहारी मंडळींची मनामात चैन आहे, धक्क्यावर मात्र डबा न्या.

मिरजेला परत आले आणि आठवडाभर नाक शिंकरलं की काळं यायचं. मनगटावरचा डाग अजून आहे. काय उरलं म्हणाल तर मी आता कुकरची शिट्टी झाली की धावत जाते, आणि धावताना आत पाणी किती असेल याचा विचार करते. घरचे हसतात. बाकी तेलाचं शेत, वाळवंटातलं झाड, किल्ला वगैरे पाहिलं, त्याचे फोटो पाहिजे तर टाकेन, पण ते सगळं पुसट झालंय. ठळक राहिलाय तो स्टेशन समोर दिसत असताना थांबलेला दादा.

डिसेंबरच्या एका शुक्रवारी त्याचा फोन आला. निघायला थोडेच दिवस राहिले होते. सकाळी सामान बांधणारे लोक आले, त्यांनी घोळ घातला आणि त्याला धक्क्यावर पोचायला उशीर झाला. तो म्हणाला, गाडीतून उतरलो तर समोर इंजिन सुटलेलं. डबे भरलेले, शाळेची पोरं, बायका, एक म्हातारे अरब गृहस्थ काठीसकट. महेशने मागे वळून पाहिलं नाही. फोन केला नाही, साहेब कुठे आहेत म्हणून विचारलंही नाही. एवढी वर्षं घातली आणि त्याला न घेता गाडी निघून गेली, तीही शेवटच्या दिवसांत.

"मग रे दादा?" मी विचारलं.

"मग काय," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात वयच नव्हतं. "मी म्हटलं, सुटलो गं बाई. खिडकीवर गेलो आणि पुढच्या फेरीचं तिकीट काढलं."